माणशी एक डॉलर

आपल्याकडे माणूस गेला की त्याचं नाव कुठेतरी कोरून ठेवायची रीत आहे. घाटाच्या पायरीवर, पाणपोईच्या भिंतीवर, शाळेच्या वर्गातल्या पंख्याच्या पात्यांवर रंगवलेलं 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. भरल्या वयात गेलेल्याच्या नावाने हे सहज होऊन जातं. विशीच्या आतबाहेर गेलेल्या मुलाच्या नावाने काय करावं, हे मात्र आईबापांना सुचत नाही. बहुतेक जण शाळेत एखादं बक्षीस ठेवतात. कर्करोगाने मूल गेलेल्या घरांनी गेल्या काही दशकांत वेगळी वाट धरली आहे: त्याच्या नावाने लोकांकडून पैसा गोळा करायचा आणि तो त्या रोगाच्या संशोधनाला द्यायचा.

या वाटेचा माग काढत मागे गेलं की एक धागा मुंबईत येतो. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. त्यांचं वय पन्नाशीचं, पण मृत्यू अकालीच म्हणायचा. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. त्या काळी ल्युकेमियावर औषधच नव्हतं. म्हणून हा पैसा नुसता दवाखान्यातल्या खाटांवर न घालता देशोदेशीच्या संशोधकांना द्यायचा, असं ठरलं. ही फार मोठी दृष्टी होती. मात्र ते दान एका घराण्याचं होतं.

त्यात चार लोक आले ते अमेरिकेत, बॉस्टनला. डॉ. सिडनी फार्बर ल्युकेमियाच्या मुलांना नवी औषधं देऊन पाहत होते. १९४८च्या मे महिन्यात त्यांच्या वॉर्डातला एक बारा वर्षांचा मुलगा रेडिओवर बोलला. खरं नाव झाकून त्याला 'जिमी' म्हटलं होतं. बेसबॉलचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले आणि मुलाला सामने बघायला टीव्ही मिळावा म्हणून श्रोत्यांनी पैसे पाठवले. त्यातून जिमी फंड उभा राहिला. तो मुलगा गेलाच असणार, असं लोक धरून चालले होते. पन्नास वर्षांनी तो स्वतः पुढे आला, धडधाकट, नातवंडांचा आजोबा होऊन.

आज जगभर जे निधी दिसतात त्यांचं वळण मात्र टेरी फॉक्सचं आहे.

टेरी कॅनडाच्या पश्चिम टोकाचा, पोर्ट कोक्विटलम गावचा. बास्केटबॉल खेळणारा, कॉलेजात शिकणारा. १९७७ साली उजव्या गुडघ्यात हाडाचा कर्करोग निघाला आणि पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की जगण्याची शक्यता निम्मी आहे. दोनच वर्षांपूर्वी ती शंभरात पंधरा होती. हा फरक नव्या औषधांनी, म्हणजे संशोधनाने पडला होता. पुढच्या सगळ्याचं बीज मला या दोन आकड्यांत दिसतं. आपण कुणाच्या तरी आधीच्या कष्टांवर जगतो आहोत, हे त्याला कळलं. शिवाय केमोथेरपीच्या महिन्यांत शेजारच्या खाटांवरची तरुण मुलं त्याने पाहिली होती. त्यांतली काही घरी परतणार नव्हती.

१२ एप्रिल १९८० रोजी पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्स इथे, अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून तो कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे गोळा करत पळायला लागला. देश आडवा ओलांडायचा, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. मागून गाडी घेऊन मित्र डग ऑलवर्ड. पोलाद आणि फायबरग्लासचा तो पाय पळण्यासाठी बनवलेलाच नव्हता. त्याला पुढे यायला वेळ लागे, तेवढ्यात चांगल्या पायावर एक जादा उडी मारावी लागे. दोन पावलं चांगल्या पायाची, एक कृत्रिम पायाची, असा तो ठेका. कापलेल्या पायाच्या टोकाला फोड येत, रक्त येई. तो थोडं थांबून पुन्हा पळे.

सुरुवातीला कुणी फारसं विचारलंही नाही. मग पोर्ट ओ बास्क हे छोटं बंदर लागलं. वस्ती दहा हजारांची आणि गावाने दिले दहा हजारांहून जास्त डॉलर. माणशी एक. तिथून हिशेब मनात बसला: कॅनडाच्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी चाळीस लाख. या मागणीत मला त्याचं सगळं शहाणपण दिसतं. धनिकाच्या एका चेकने निधी होतो. माणशी एक डॉलर मागितला की ते काम सगळ्या देशाचं होतं.

१ सप्टेंबरला थंडर बे शहराबाहेर खोकला आणि छातीतली कळ सहन होईना. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर झाले होते. कर्करोग फुफ्फुसांत पोचला होता.

आणि इथे दुसरा एक बाप येतो. फोर सीझन्स हॉटेलांचे इसाडोर शार्प यांचा किशोरवयीन मुलगा १९७८ साली कर्करोगाने गेला होता. त्यांनी टेरीला तार केली: तुझ्या नावाने दरवर्षी दौड होईल. टेरीने ते मान्य केलं, पण अटी घातल्या. शर्यत नको, बक्षीस नको, जो येईल त्याने चालावं, पळावं, आणि दौडीवर कुठल्या कंपनीच्या मालाची जाहिरात नको. आपल्या पायावरून कुणी नफा कमवू नये, हा त्याचा कटाक्ष होता. रोगाशी झुंजणाऱ्या मुलाने आपल्या नावाची एवढी काळजी घेतली, म्हणून ते नाव टिकलं, असं मी ठामपणे म्हणेन.

१९८१च्या फेब्रुवारीत रक्कम दोन कोटी एक्केचाळीस लाखांवर गेली. माणशी एक डॉलर पुरा झाला, आणि हे त्याने पाहिलं. २८ जून रोजी तो गेला. तेवीस पुरी व्हायला एक महिना होता. सप्टेंबरात पहिल्या दौडीला तीन लाख माणसं आली. पुढे आई, बेटी फॉक्स, हिने शाळाशाळांतून बोलत तीस वर्षं या अटींचा पहारा केला. पैसे ऐंशी कोटी डॉलरच्या पुढे गेले आहेत. दौड इतर देशांत पोचली, मुंबईतही झाली, आणि इथला पैसा टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या संशोधनाकडे वळला.

लेकीच्या नावाचं याच कुळातलं उदाहरण अमेरिकेतलं. ॲलेक्स स्कॉटने चार वर्षांची असताना दारात सरबताचा ठेला लावला. आपल्यासारख्या कर्करोग झालेल्या मुलांच्या डॉक्टरांना पैसे द्यायचे होते. २००४ साली, आठव्या वर्षी, ती गेली तोवर दहा लाख डॉलर जमले होते. तिच्या नावाच्या संस्थेसाठी मुलं आजही लिंबू सरबत विकतात.

टेरीला झाला त्या रोगात आता बहुतेकांचा पाय कापत नाहीत. आधी केमोथेरपी देतात, मग रोगट हाड काढून तिथे धातूचा सांधा बसवतात. मुंबईत टाटा मेमोरियलने असा सांधा देशातच, परवडेल अशा किमतीत बनवून घेतला आहे.