विजारीच्या कागदी नमुन्यातील फेरबदल

विजारीच्या कागदी नमुन्यातील फेरबदल म्हणजे तयार मिळालेल्या किंवा स्वतः आखलेल्या नमुन्यात, कापड कापण्यापूर्वी, परिधान करणाऱ्याच्या शरीरानुसार व आवडीनुसार केलेले बदल होत. शिवणकामात अशा नमुन्याला पॅटर्न असेही म्हणतात. या बदलांचे दोन प्रकार पडतात. विजार अंगावर नीट बसावी म्हणून केलेले ते फिटिंगचे बदल आणि तिचे रूप पालटावे म्हणून केलेले ते शैलीचे बदल. फिटिंगचे बदल आधी व शैलीचे नंतर, असा क्रम पाळला जातो.

इतर वस्त्रांच्या तुलनेत विजारीचे फिटिंग अवघड मानले जाते. विजार कंबर, नितंब व मांड्या यांना वेढते. शिवाय ती दोन पायांच्या मधून पुढून मागे जाते. या मधल्या भागाला आसन म्हणतात. नितंबांचा घेर सारखाच असलेल्या दोन व्यक्तींपैकी एकीचा भरीवपणा मागे, तर दुसरीचा पोटाकडे असू शकतो. टेपवर दोघींचे माप एकच येते, परंतु एकच विजार दोघींना सारखी बसत नाही. त्यामुळे केवळ घेराचे माप जुळवून फिटिंग साधत नाही. आसनाच्या शिवणीची लांबी व तिची गोलाईही जुळवावी लागते.

पार्श्वभूमी

शिंपी पूर्वापार ग्राहकाची मापे घेऊन थेट कापडावर खडूने आखणी करत आले आहेत. घरगुती शिवणकामासाठी ठरावीक मापांचे कागदी नमुने मोठ्या प्रमाणावर विकण्याची सुरुवात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये केली. त्यांचे आरंभीचे नमुने पुरुषांच्या व मुलांच्या कपड्यांचे होते. काही वर्षांतच स्त्रियांच्या कपड्यांचे नमुनेही विकले जाऊ लागले. या पद्धतीमुळे बेतण्याचे कौशल्य नसलेल्यांनाही कपडे शिवणे शक्य झाले. मात्र असा नमुना सरासरी शरीर गृहीत धरून आखलेला असतो. तो प्रत्यक्ष व्यक्तीशी जुळवण्याचे काम शिवणाऱ्याकडेच राहते.

महाराष्ट्रात आजही अनेक शिंपी कागदी नमुन्याशिवाय काम करतात. पुरुषांच्या पँटच्या मागील मधल्या शिवणीत, विशेषतः कंबरेकडे, जादा माया सोडण्याची प्रथा आहे. पुढे अंग वाढल्यास शिवण उसवून कंबर सैल करता यावी, हा तिचा हेतू होय. यासाठी कंबरपट्टीलाही मागे मध्यभागी जोड ठेवतात.

आवश्यक मापे

कंबर, सीट म्हणजे नितंबांच्या सर्वांत भरीव भागाचा घेर, मांडी, गुडघा, मोहरी म्हणजे पायाच्या टोकाचा घेर आणि कंबरेपासूनची उंची ही नेहमीची मापे होत. याखेरीज आसनाची दोन मापे महत्त्वाची असतात.

आसनाची खोली: व्यक्तीला कठीण व सपाट बैठकीच्या खुर्चीवर ताठ बसवून कंबरेपासून बैठकीपर्यंतचे अंतर बाजूने मोजतात. त्यात साधारण १.५ ते २.५ सेंमी सैलपणा मिळवतात.

आसनाची लांबी: कंबरेच्या पुढील मध्यापासून पायांमधून मागील मध्यापर्यंतचे अंतर. नमुन्यावर हे माप पुढील व मागील भागांच्या आसनाच्या शिवणीवरून टेप उभा धरून मोजतात. शिवणीची माया त्यात धरत नाहीत.

तयार नमुना निवडताना विजारीसाठी कंबरेपेक्षा सीटचे माप प्रमाण मानतात, कारण कंबर कमी-जास्त करणे तुलनेने सोपे असते. न ताणणाऱ्या कापडाच्या बेताच्या विजारीत सीटला सुमारे ४ ते ८ सेंमी आणि कंबरेला १ ते २.५ सेंमी सैलपणा ठेवतात. नमुन्यात शिवणीची माया धरलेली आहे की नाही, हे आधी तपासावे लागते. बटरिक, सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स व व्होग या अमेरिकी नमुन्यांत ती सहसा १.५ सेंमी असते, तर जर्मनीच्या बुर्डा मासिकातील नमुन्यांत ती वेगळी सोडावी लागते.

चाचणीची विजार

कागदावर जुळलेली मापे अंगावर जुळतीलच असे नाही. म्हणून मांजरपाटासारख्या स्वस्त कापडाची चाचणीची विजार शिवतात. मूळ कापड ताणणारे असल्यास चाचणीचे कापडही तसेच घेतात. शिवणी लांब टाक्यांनी घालतात, म्हणजे त्या सहज उसवता येतात. सीटच्या व गुडघ्याच्या पातळीवर आडव्या रेषा आणि प्रत्येक पायाच्या मध्यावर उभ्या धाग्याची रेषा काढून ठेवतात. विजार घातल्यावर आडवी रेषा जमिनीला समांतर न राहता जिथे वर किंवा खाली ओढली जाते, तिथे कापड कमी पडत आहे किंवा जास्त होत आहे असे समजते.

सुरकुत्यांवरूनही दोषाचे निदान होते. कापड कमी असेल तिथे सुरकुत्या ताणलेल्या दिसतात व त्या अडचणीच्या जागेकडे रोख दाखवतात. कापड जास्त असेल तिथे ते सैल लोंबते. पोटावर किंवा नितंबांवर आडव्या ताणरेषा दिसणे म्हणजे घेर अपुरा असणे. आसनाच्या टोकापासून मांडीकडे किरणांसारख्या रेषा पसरल्यास तिथली रुंदी कमी असते. बसल्यावर मागची कंबर खाली ओढली जात असेल, तर मागील आसनाची लांबी अपुरी असते. नितंबांखाली कापडाच्या सैल घड्या पडत असतील, तर मागील भागात लांबी किंवा रुंदी अधिक झालेली असते. एका वेळी एकच बदल करून विजार पुन्हा घालून पाहावी लागते, कारण एका दोषाच्या दुरुस्तीने दुसरा दोष पुष्कळदा आपोआप नाहीसा होतो.

फिटिंगचे बदल

आसनाची खोली बदलणे: कंबर व आसनाची पातळी यांच्या दरम्यान उभ्या धाग्याला काटकोनात रेषा आखतात. खोली वाढवायची असल्यास त्या रेषेवर नमुना कापून मध्ये कागद जोडतात. कमी करायची असल्यास तिथे घडी घालतात. हा बदल पुढील व मागील भागांत सारखाच करतात आणि तुटलेल्या कडा पुन्हा सुरेख जोडून घेतात.

आसनाची लांबी बदलणे: खोलीतील बदलाचा परिणाम लांबीवरही होतो. खोली २ सेंमी वाढवल्यास पुढे २ व मागे २ मिळून लांबी ४ सेंमी वाढते. समजा, नमुन्यात ४ सेंमी लांबी कमी आहे. खोलीही २ सेंमीने कमी असेल, तर पहिल्या बदलानेच प्रश्न सुटतो. खोली बरोबर असेल, तर मात्र ही वाढ आसनाच्या टोकांना किंवा मागील मधल्या शिवणीत, जिथे शरीराला गरज आहे तिथे, द्यावी लागते. खोली बरोबर असतानाही ती वाढवल्यास आसन खाली लोंबते आणि पाऊल मोठे टाकताना विजार मांड्यांना अडते.

भरीव नितंब: मागील भाग सीटच्या पातळीवर मधल्या शिवणीकडून बाजूच्या शिवणीपर्यंत कापतात, बाजूचे टोक जोडलेले ठेवतात व मधल्या शिवणीकडे पाचर उघडतात. यामुळे बाजूची लांबी न बदलता मागील आसन वाढते. गरजेनुसार मागील आसनाचे टोकही थोडे पुढे वाढवतात. सपाट नितंबांसाठी याच्या उलट, पाचरीएवढा कागद दुमडून कमी करतात.

पोटाचा फुगीरपणा: पुढील भागात मधल्या शिवणीकडे तशीच पाचर उघडून कंबरेची कड मध्यभागी उंचावतात आणि पुढील डार्ट लहान करतात किंवा काढून टाकतात.

भरीव मांड्या: पुढील व मागील भागांच्या आतल्या शिवणीला आसनाच्या टोकाशी रुंदी देतात व ती गुडघ्याकडे क्रमाने कमी करतात.

कंबर: फरक थोडा असल्यास तो डार्ट व बाजूच्या शिवणींत वाटून घेतात. सगळा फरक एकाच शिवणीत घेतल्यास तिथे टोक किंवा फुगवटा येतो.

आसनाची गोलाई खोल करण्याचा बदल सर्वांत शेवटी व एका वेळी काही मिलिमीटरच करतात. गोलाईतून कापून गेलेले कापड परत मिळत नाही. प्रत्येक बदलानंतर एकमेकांना जोडल्या जाणाऱ्या शिवणींची लांबी ताडून पाहतात.

शैलीचे बदल

पायाचा घेर: मोहरी अरुंद किंवा रुंद करताना फरक आतल्या व बाहेरच्या शिवणींत सारखा विभागतात. तो एकाच बाजूला घेतल्यास उभ्या धाग्याची रेषा मध्यावरून सरकते व पाय पिळल्यासारखा दिसतो. सरळ विजारीत गुडघा व मोहरी जवळपास सारखी असते. बेलबॉटममध्ये गुडघ्याशी घेर आवळून खाली तो वाढवत नेतात. न ताणणाऱ्या कापडाची मोहरी टाचेवरून जाईल एवढी हवी. त्याहून अरुंद हवी असल्यास तिला चीर किंवा चेन ठेवतात. चुडीदार पायजमा उरेब कापण्यामागे हेच कारण आहे. तिरक्या धाग्यामुळे कापड ताणते व घट्ट पोटरीवरून चढते.

चुण्या: पुढील भाग इस्त्रीच्या घडीच्या रेषेवर उभा कापून कंबरेशी हवे तेवढे अंतर उघडतात. डार्टची जागा अशा चुणीला देता येते.

कंबरेची जागा: कंबर खाली उतरवायची असल्यास नमुन्याचा वरचा भाग समांतर कापून टाकतात. तिथे शरीर खाली रुंद होत जाते. म्हणून सरळ पट्टीऐवजी डार्ट मिटवून आखलेली वक्र कंबरपट्टी लावतात. नाडी किंवा इलॅस्टिकची विजार करताना डार्ट काढून कंबरेचा घेर सीटवरून जाईल इतका ठेवतात व वर नेफ्यासाठी कापड वाढवतात.

खिसे व चेनपट्टी यांचे नमुने फिटिंग पूर्ण झाल्यावर बदललेल्या भागावरूनच पुन्हा आखतात.

बसून वावरणाऱ्यांसाठी विजार

नमुने सहसा उभ्या शरीरासाठी आखलेले असतात. चाकाच्या खुर्चीचा वापर करणाऱ्या व्यक्तीच्या विजारीत मागील आसन वाढवून मागची कंबर उंच ठेवतात व पुढची कंबर खाली घेतात, म्हणजे पाठ उघडी पडत नाही आणि पोटाशी कापड गोळा होत नाही. बसल्यावर मोहरी वर चढते, म्हणून पायाची लांबी थोडी अधिक धरतात. सतत दाब सहन करणाऱ्या त्वचेला इजा होऊ नये यासाठी मागचे खिसे व जाड शिवणी टाळतात.

अंतिम नमुना

चाचणीत ठरलेले सर्व बदल कागदावर उतरवून उभ्या धाग्याची रेषा, खुणा, मायेची रुंदी व तारीख लिहून ठेवतात. सुती कापड कापण्यापूर्वी ते भिजवून वाळवतात. अन्यथा पहिल्या धुण्यानंतर ते आटते व जुळवलेली मापे बिघडतात. असा नमुना त्या व्यक्तीच्या पुढील विजारींचा पाया ठरतो. मात्र वेगळ्या जाडीचे किंवा ताणाचे कापड वापरताना, तसेच अंगात फरक पडल्यावर तो पुन्हा तपासावा लागतो.

हे सुद्धा पहा

शिवणकाम
पायजमा
चुडीदार
शिलाई यंत्र