रोजगार हमी योजना आणि शेतकरी स्त्री

शहरांतील नोकरदारांच्या पगारांतून व्यवसाय कर म्हणून दरमहा एक लहानशी रक्कम कापली जाते. ती मुळांत कशासाठीं कापली जाऊं लागली, हें पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत विचारलें तर सांगतां येत नाहीं. १९७५ सालीं महाराष्ट्रांत हा कर बसविण्यांत आला, तो रोजगार हमी योजनेच्या खर्चाकरितां. शहरानें कर द्यावा, सरकारनें त्यांत आपली भर घालावी, आणि त्या पैशांतून खेड्यांतील रिकाम्या हातांना काम मिळावें, अशी ती व्यवस्था होती. रिकामे हात म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें पुरुषाचे हात येतात. प्रत्यक्षांत या कामांवर बायकांची संख्या पुष्कळ ठिकाणीं निम्म्याच्या आसपास असे. त्यांना या योजनेनें काय दिलें आणि काय द्यावयाचें राहून गेलें, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

दुष्काळी कामावर स्त्रीनें जाणें ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनमध्यें बायका मोठ्या संख्येनें तलावांच्या व रस्त्यांच्या कामांवर होत्या. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे असा दर सुचविला. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं त्याविरुद्ध कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू उचलून धरली. मजुरीच्या तक्त्यांत बाईचा दर पुरुषाच्या एक पायरी खालीं असे. बाईला भूक कमी लागते, असा सरकारी हिशेब असावा!

त्यानंतर शंभर वर्षांनीं आलेला १९७२ चा दुष्काळ आपल्यांपैकीं अनेकांस आठवत असेल. तांबडा मिलो, सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या माणसांच्या लांबच लांब रांगा. १९७३ च्या मे महिन्यांत दुष्काळी कामांवरील मजुरांचा आकडा ५० लाखांच्या घरांत गेला होता. ज्या घरंदाज बायांनीं कधीं परक्याच्या बांधावर खुरपें धरलें नव्हतें, त्याहि पदर पुढें ओढून खडीच्या ढिगाशीं बसल्या. रोजगार हमी योजना सुरू झाली ती याच १९७२ सालीं. तिचे प्रवर्तक वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यांत तासगांव तालुक्यांतील विसापूरचे. त्या वेळीं ते विधान परिषदेचे सभापति होते. दुष्काळ पडला म्हणजे सरकारनें दया म्हणून काम काढावयाचें, हा जुना प्रघात. सरकारकडे काम मागणें हा माणसाचा हक्क आहे, ही पागे यांची कल्पना. १९७७ सालीं विधिमंडळानें तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. खेड्यांतील कोणाहि प्रौढ व्यक्तीनें काम मागावें, पंधरा दिवसांत तें मिळावें, न मिळाल्यास बेकारीचा भत्ता द्यावा, असें त्यांत ठरलें.

या कायद्यांत स्त्री आणि पुरुष यांच्या दरांत भेद राहिला नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच काळांत शेतावर खुरपणीला जाणाऱ्या बाईस गड्यापेक्षां उघडउघड कमी मजुरी मिळत असे आणि त्यांत कोणाला वावगेंहि वाटत नसे. कामावर पिण्याचें पाणी, सावली आणि तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय असावी, असाहि नियम होता. सावलीचें छप्पर पुष्कळदां कागदावरच उभें राही आणि मूल बाभळीला बांधलेल्या झोळींत असे. तरी नियम होता म्हणून त्याबद्दल भांडतां तरी येत होतें.

आतां दर समान म्हणजे हातीं येणारा पैसा समान, असें मात्र नव्हतें. त्याचें कारण कामाच्या रीतींत आहे. मजुरी रोजावर नसून मापावर असे. माती किती खणली, किती दूर टाकली, यावर हिशेब. एकानें कुदळीनें खणावयाचें आणि दुसऱ्यानें घमेल्यानें वाहावयाचें, अशी जोडी पडे; खणणारा बहुधा पुरुष आणि वाहणारी बहुधा त्याची बायको. माप टोळीचें घेतलें जाई आणि पैसा टोळीला मिळे. मुकादमाच्या हजेरीपटावर बाईचें नांव असलें तरी पगाराच्या दिवशीं तिच्या वांट्याच्या नोटा अनेकदां नवऱ्याच्याच हातांत पडत. आयुष्यभर हजेरीपट भरण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास हें चटकन कळतें, कीं हजेरी लागणें आणि लाभ पदरांत पडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि जिला जोडीदारच नाहीं तिचें काय? विधवा अथवा टाकलेली बाई टोळींत आली, कीं तिच्यामुळें माप कमी भरेल या भीतीनें इतर जण तिला घेण्यास कां कूं करीत. काम मागण्याचा हक्क तिला इतरांइतकाच. काम करण्यास मात्र तिला दुसऱ्याच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावें लागे.

एवढें असूनहि सरकारी रस्त्यावर अमुक दर मिळतो, हें कळल्यावर शेतमालकापुढें बाईची मान थोडी वर झाली. लावणीच्या दिवसांतच सरकारनें कामें काढूं नयेत, असा आग्रह बागायतदार धरीत, यावरूनच तिचें वजन वाढलें होतें हें दिसतें.

पण खरा प्रश्न मजुरीच्या पुढचा आहे. या हातांनीं उभें काय राहिलें? पाझर तलाव, नाला बंडिंग, बांधबंदिस्ती, रस्ते. पाझर तलाव झाला म्हणजे त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींचें पाणी वाढतें. ज्याची विहीर त्याचें पाणी, आणि ज्याचें शेत त्याची विहीर. तलावाच्या भिंतीवर माती टाकणारी बाई बहुधा भूमिहीन घरांतली किंवा कोरडवाहू तुकड्यावरची. खालच्या मळ्यांत तिचा वांटा नव्हता. पुढें तर योजनाच हळूहळू जमिनीच्या मालकाकडे कलत गेली. १९८८ सालीं जवाहर विहिरींचा कार्यक्रम आला आणि १९९० च्या सुमारास रोजगार हमींतून फळबागा लावण्याचा. दोन्ही कार्यक्रम उपयुक्त होते. कोकणांत आंबा व काजू, दुष्काळी भागांत डाळिंब व बोर यांच्या बागा त्यांतून उभ्या राहिल्या. पण दोहोंना सातबाराचा उतारा लागे, आणि त्यावर नांव पुरुषाचें.

पाणी जमिनीबरोबरच गेलें पाहिजे असें कांहीं नाहीं, हें त्याच काळांत एका माणसानें करून दाखविलें होतें. पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें देवस्थानची ४० एकर जमीन कराराने घेऊन पाणलोटाचें काम केलें. त्यांतून निघालेल्या पाणी पंचायतीचा नियम असा, कीं पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां माणशीं अर्ध्या एकरापुरतें द्यावयाचें, भूमिहीनांसहि त्यांत हक्क ठेवावयाचा, आणि ऊस लावावयाचा नाहीं. बाई व मूल हींहि येथें माणसें म्हणून मोजलीं जात. सरकारी योजनेनें ही वाट धरली असती, तर माझ्या मतें मजुरीपेक्षां मोठी गोष्ट घडली असती. तसें झालें नाहीं.

सातबारावरील नांवाचा प्रश्न उचलला तो शेतकरी संघटनेनें. १९८६ च्या नोव्हेंबरांत नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी महिलांचें प्रचंड अधिवेशन भरलें. पुढें शरद जोशी यांनीं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. ज्या गांवांत शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा कांहीं भाग स्वखुषीनें बायकोच्या नांवें करतील, तें गांव लक्ष्मीमुक्त. नवऱ्यानें दिलें तर मिळावयाचें, हा त्यांतला उणेपणा उघड आहे. तरी तलाठ्याच्या दप्तरांत अनेक बायकांचीं नांवें प्रथम चढलीं तीं या मोहिमेमुळें.

कायदा मागून आला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रांत हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणें जन्मतः हक्क मिळाला. मात्र त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. म्हणजे १९७३ सालीं खडी फोडणाऱ्या बाईस त्याचा उपयोग शून्य. २००५ सालच्या केंद्रीय दुरुस्तीनें लग्नाची ती अट गेली. त्याच सालीं केंद्राचा रोजगार हमीचा कायदा झाला, त्यांत लाभार्थींपैकीं किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असें कलम होतें, आणि पुढें मजुरी ज्याची त्याच्या स्वतःच्या खात्यांत जमा होऊं लागल्यानें टोळींतल्या नोटांचा जुना तंटा पुष्कळ मिटला. ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें, कीं दुरुस्तीच्या दिवशीं बाप हयात नसला तरीहि मुलीचा हक्क अबाधित आहे.

इतकें होऊनहि २०१५-१६ च्या कृषिगणनेंत देशांतील शेतजमिनींच्या खातेदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच आढळल्या. कायद्यानें आलेला वांटा हक्कसोडपत्रानें परत जातो, तें एक कारण आहेच. बाप वारल्यानंतर भाऊ कागद पुढें करतो, बहीण सही करते, आणि भाऊबीजेला माहेरचें दार उघडें राहावें म्हणून ती त्याबद्दल कोणाजवळ बोलत नाहीं.