गॅसला वास कुणी दिला?

दारव्ह्याच्या परिसरात कापसाचा हंगाम सरला की शेतात उरते ती पऱ्हाटी. वऱ्हाडातील चुलींनी पिढ्यानपिढ्या हेच सरपण जाळले. त्याचा धूर डोळ्यांत पाणी आणी. पण चूल आपला धोका लपवीत नसे. गॅसची शेगडी आली आणि इंधन प्रथमच अदृश्य झाले.

ज्वलनशील वायू मुंबईला नवा नव्हता. १८६५ मध्येच तेथील रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले होते. मात्र तो कोळशापासून बनवलेला, नळातून येणारा वायू. सिलिंडरमधील द्रवरूप वायू ‘बर्मा शेल’ने १९५५ च्या सुमारास ‘बर्शेन’ या नावाने मुंबईत आणला. ‘इंडेन’ची पहिली जोडणी १९६५ मध्ये कोलकात्यात झाली.

या वायूला स्वतःचा म्हणावा असा वास जवळपास नसतोच. आपण ज्याला ‘गॅसचा वास’ म्हणतो, तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा. यामागे एक भीषण दुपार आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, न्यू लंडन येथील शाळेच्या जमिनीखाली नैसर्गिक वायू साचत गेला. कुणालाही सुगावा लागला नाही. एका ठिणगीने इमारत उडाली आणि सुमारे तीनशे जीव गेले. त्यांत बहुतांश मुले होती. त्यानंतर टेक्सासने वायूत वास मिसळणे सक्तीचे केले आणि ती प्रथा पुढे सर्वत्र रुजली.

सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असतो. गळला की तो जमिनीलगत साचतो. म्हणूनच सिलिंडर खाली, उभा, आणि शेगडी त्याच्याहून उंचावर, हा नियम. चुलीपुढे बसून रांधणारी बाई ओट्यापाशी उभी राहिली, त्यात या नियमाचाही वाटा आहे. स्वयंपाकघराच्या इतिहासात याची नोंद फारशी कुणी घेत नाही!

जोडणी करताना झडपेतील रबरी कडी जागेवर आहे का, हे आधी पाहावे. रेग्युलेटर ‘खट्’ आवाज होऊन घट्ट बसला पाहिजे. तारेचे अस्तर असलेली नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलावी. तिला मध्ये जोड देऊ नये. गळती साबणाच्या फेसाने तपासावी: बुडबुडे आले, तर वायू निसटतो आहे. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे न्यू लंडनची ठिणगी आपल्या हाताने पाडणे.

वास आलाच, तर विजेच्या बटणाला हात लावू नये. चालू असलेला दिवा बंद करतानाही ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, घराबाहेर यावे आणि मगच १९०६ या क्रमांकावर फोन करावा.