नाणेघाटाचा रांजण आणि कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी

आजच्या एपिसोडमध्ये जायचंय पुण्याला, पण निघूया आपल्या वैशाखरे गावातून. मुरबाडहून माळशेजकडे जाताना गाव सोडलं की उजव्या हाताला नाणेघाटाची वाट लागते. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. वर तो दगडी रांजण आहे ना, ज्याच्यासोबत आपण सगळे सेल्फी काढतो, तो जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. जकात भरा, मग पुढे जा.

आता एक कल्पना करा. खऱ्या नाक्याच्या थोडं आधीच कुणीतरी हुबेहूब तसाच खोटा नाका लावलाय. तिथला माणूस येईल त्याला म्हणतो, "जा, जा." खऱ्या नाक्यावरचा माणूस मात्र शांत बसलेला, कारण त्याच्यापर्यंत कुणी येतच नाही. पुण्यात २०१८ साली नेमकं हेच झालं.

कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली पुण्यात सुरू झाली. म्हणजे शंभरी ओलांडलेली, मराठी मध्यमवर्गाच्या घराघरात पासबुक असलेली बँक. ११ ऑगस्ट २०१८. वार शनिवार, तोही महिन्यातला दुसरा, म्हणजे बँकेला सुट्टी. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बँकेच्या व्हिसा कार्डांच्या नकला वापरून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. व्यवहार किती? १२ हजारांच्या आसपास. भारतातही रुपे कार्डांवर अडीच कोटी गेले. पैसे काढणारे कोल्हापुरात होते, इंदुरात होते. कोल्हापूर! मला अजूनही हाच भाग सगळ्यात विचित्र वाटतो. हॅकर म्हटलं की आपण हुडी घातलेला परदेशी पोरगा डोळ्यासमोर आणतो, आणि इथे आपल्याच राज्यातल्या एटीएमबाहेर पिशवी घेऊन उभी असलेली माणसं.

हे जमलं कसं? तुम्ही कार्ड टाकता तेव्हा एटीएम लगेच पैसे देत नाही, ते आधी विचारतं. प्रश्न व्हिसा किंवा रुपेच्या नेटवर्कमधून बँकेच्या स्विचकडे जातो. स्विच कोअर बँकिंगला विचारतो की पिन बरोबर आहे का, खात्यात शिल्लक आहे का. तिकडून "हो" आलं तरच नोटा बाहेर. हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून मध्येच एक खोटा स्विच बसवला. प्रश्न तिथेच अडायचा आणि तिथूनच उत्तर जायचं: हो, हो, हो. कोअर बँकिंगला कुणी काही विचारलंच नाही. म्हणून खातेदारांच्या शिलकीतून एक रुपयाही कमी झाला नाही. पण "हो" बँकेच्या नावाने गेलं होतं, त्यामुळे भुर्दंड बँकेवरच पडला.

बरं, एवढ्यावर थांबलं नाही. सोमवारी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय पैसे पाठवायची जी स्विफ्ट यंत्रणा असते, तिच्यातून आणखी सुमारे १३.९२ कोटी हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात गेले. एकूण ९४.४२ कोटी. सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस म्हणून मला हा दुसरा घाव जास्त बोचतो. शनिवारी गडबड झाली होती, तरी सोमवारी दुसरं दार उघडंच सापडलं. नेटवर्कचे भाग एकमेकांपासून वेगळे ठेवा, एकात चोर शिरला तर दुसऱ्यात जाता येऊ नये, हे आम्ही कॉलेजात शिकतो आणि पहिल्या डेडलाइनला विसरतो.

सुट्टीचा मुहूर्त नवा नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेवर हल्ला झाला तो गुरुवारी रात्री, कारण शुक्रवारी तिकडे साप्ताहिक सुट्टी. स्विफ्टचे संदेश छापणारा प्रिंटरही बंद पाडला होता. ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्सला पोचले. म्हणजे पुण्याच्या अडीच वर्षं आधी अख्खी पद्धत जगासमोर होती.

कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ ला, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली. उशिरा आली, पण आली.

आता तुम्ही म्हणाल, आमचं टोकावड्यात हार्डवेअरचं दुकान, किंवा माळशेजच्या रस्त्यावर हॉटेल, आम्हाला काय त्याचं? तर पावसाळ्यातला रविवार आठवा. काउंटरवर ही गर्दी, आणि गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं, "दादा, पेमेंट झालं बघा." हिरवी टिकली दिसते, तुम्ही मान डोलावता. ते "हो" कुणी दिलं? तुमच्या बँकेने की समोरच्याच्या स्क्रीनने? खोटं पेमेंट दाखवणारी ॲप्स असतात. तो खोटा नाकाच आहे, फक्त खिशात मावणारा. स्वतःच्या ॲपमध्ये जमा दिसली तरच माल द्या. रात्री गल्ला मोजता तसा यूपीआयचा हिशेबही बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवा. बिलिंगच्या कॉम्प्युटरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो काढून वेगळा ठेवा. लावूनच ठेवला तर रॅन्समवेअर तोही कुलूपबंद करतं. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात, तेही वेळेत कळवलं तरच.

कॉसमॉसच्या प्रकरणात हाँगकाँगला गेलेल्या पैशांपैकी काही भाग परत मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं. ही माणसं एटीएममधून नोटा काढण्याच्या साखळीतली होती. खोटा स्विच लिहिणारे त्यांच्यात नव्हते.