हँडल गेले, बॅटरी आली

बिदर आणि गुलबर्गा (आताचे कलबुरगी) 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या राज्यातली सर्वांत गाजलेली उभी गाडी म्हणजे निजामाची 1912 ची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, आत सिंहासनवजा आसन असलेली. ती फार थोडी चालली. आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. पण उभ्या गाडीची बॅटरी उतरली तरी तेव्हा अडत नसे: ठिणगी मॅग्नेटो देई, सुरुवात हँडल करी. त्याच 1912 च्या कॅडिलॅकने ‘सेल्फ’ आणला. मनगटे वाचली, पण गाडी बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्यांची मिंधी झाली. गॅरेजात महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारचे दुखणे वयाचे कमी, या सौद्याचे जास्त.

हिशेब सोपा आहे. घड्याळ, अलार्म मिळून 50 मिलिअँपिअर खात असतील, तर 48 अँपिअर-तासांची बॅटरी 40 दिवसांत रिकामी. सेल्फ त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. तार काढली तरी बॅटरी आतून झिजतेच, आणि कलबुरगीच्या चाळिशीपार उन्हाळ्यात अधिक वेगाने. रिकामी राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचा पांढरा थर घट्ट बसतो. यावर कोणी म्हणेल, आठवड्यातून दहा मिनिटे इंजिन चालवावे. त्याने सेल्फने घेतलेले जेमतेम परत मिळते, शिवाय सायलेन्सरात पाणी साचते. निगेटिव्ह तार सोडवणे बरे, पण नुसते तेवढे पुरत नाही. भरल्यावर आपोआप आवरते घेणारा छोटा चार्जर हवा. स्वस्त, न थांबणारा चार्जर मात्र पाणी आटवून बॅटरीच मारतो.