सायकलवरील रंगीत दिवे : कायदेशीर स्थिती (बुलढाणा जिल्हा)

अंधारात, धुक्यात किंवा पावसात सायकलस्वार इतर वाहनचालकांच्या नजरेस वेळेवर पडावा म्हणून सायकलला अथवा स्वाराच्या अंगावर लावलेले निरनिराळ्या रंगांचे दिवे व परावर्तक, आणि त्यांच्या वापराला लागू होणारे कायदे, हा या नोंदीचा विषय आहे. सायकलचा दिवा दोन कामे करतो : स्वाराला पुढचा रस्ता दाखवतो आणि स्वाराला इतरांना दाखवतो. पहिल्या कामात रंगाला फारसे महत्त्व नसते. दुसऱ्या कामात मात्र रंग हाच निरोप असतो, कारण समोरचे वाहन आपल्याकडे येत आहे की आपल्यापुढे त्याच दिशेने चालले आहे, हे चालक रात्री आकारावरून नव्हे तर दिव्याच्या रंगावरून ओळखतो.

भारतात वाहनांच्या दिव्यांचे नियमन मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार होते. केवळ पायांनी चालणारी सायकल या अधिनियमातील मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. तिला नोंदणी, क्रमांकाची पाटी, परवाना किंवा विमा यांपैकी काहीही लागत नाही, आणि जिल्ह्यातील मोटारींवर दिसणारी ‘एमएच-२८’ ही अक्षरेही तिच्यावर नसतात. त्यामुळे दिव्यांविषयीचे नियम सायकलला थेट लागू होत नाहीत, आणि या कायद्यात साध्या सायकलच्या दिव्याचा रंग ठरवून देणारी तरतूदही नाही. सायकलवर हिरवा किंवा जांभळा दिवा लावला म्हणून मोटार वाहन कायद्याखाली दंड करता येत नाही. त्याच कायद्याखाली बिनादिव्याच्या सायकलस्वारालाही अडवता येत नाही. ही मोकळीक सोयीची वाटली तरी तिचा भार अखेर अंधारातून जाणाऱ्यावरच पडतो.

मोटार वाहनांसाठी असलेली रंगांची शिस्त मात्र सायकलस्वाराने समजून घेण्यासारखी आहे. केंद्रीय नियमांतील १०८व्या नियमाप्रमाणे कोणत्याही मोटार वाहनाने पुढच्या बाजूस लाल आणि मागच्या बाजूस लाल सोडून अन्य रंगाचा दिवा दाखवू नये. या नियमाला मोजके अपवाद ठेवलेले आहेत : वाहनाच्या आतील दिवे, वळण्याची सूचना देणारा पिवळसर दिवा, मागील क्रमांकाच्या पाटीवर पडणारा पांढरा प्रकाश, वाहन मागे घेताना लागणारा पांढरा दिवा, आणि धुरकट काचेआड बसवलेला सात वॅटपर्यंतचा मंद दिवा. रुग्णवाहिकेसाठी जांभळ्या काचेतून लुकलुकणाऱ्या लाल दिव्याचा वेगळा अपवाद होता. मान्यवरांच्या गाड्यांवरील लाल दिव्याचा अपवाद १ मे २०१७ पासून रद्द झाला. त्याआधी १० डिसेंबर २०१३ रोजी अभयसिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर मर्यादा घातल्या होत्या. २०१७ नंतर लाल, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा अग्निशमन, पोलीस व सुरक्षा दले आणि आपत्ती निवारण यांच्या कामावरील वाहनांसाठी राखून ठेवण्यात आला. लाल दिव्याच्या मानापमानावर देशभर जितकी चर्चा झाली, त्याच्या शतांशानेही सायकलच्या मागच्या लाल दिव्यावर झाली नाही.

सायकलला खरोखर लागू होऊ शकणारा कायदा राज्याचा आहे. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ हा आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, आणि तो मुंबई राज्यात आल्यानंतर हा अधिनियम या जिल्ह्यासह वऱ्हाडात आला. यातील वाहनाची व्याख्या मोटार वाहन कायद्याहून बरीच उदार असून तिच्यात गाडा, हातगाडी, सायकल, तीनचाकी सायकल व रिक्षा यांबरोबर जहाज आणि विमानही मोडते. अधिनियमाच्या ३३व्या कलमान्वये रस्त्यावरील वाहनांवर किती दिवे असावेत, ते कोठे असावेत आणि कोणत्या वेळेत लावावेत, याचे नियम करण्याचा अधिकार पोलीस व दंडाधिकारी यंत्रणेला मिळतो. या तरतुदीचा भर दिव्यांची संख्या, जागा व वेळ यांवर आहे. रंगाचा वेगळा उल्लेख त्यात नाही. राज्यातील मोठ्या शहरांत बिनादिव्याची सायकल आणि डबलसीट हे दोन्ही गुन्हे एकेकाळी पोलिसांच्या रोजच्या कामाचा भाग होते, आणि रॉकेलचा दिवा जाऊन डायनामो आला त्या काळातील सायकलस्वारांना या दंडाचा धाक असे. तो धाक पुढे ओसरला, पण अधिकार देणारे कलम कायम राहिले. याखेरीज भारतीय न्याय संहितेचे २८१वे कलम सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला लागू होते आणि ते मोटारींपुरते मर्यादित नाही. समोरच्याचे डोळे दिपवणारा दिवा लावून कोणी अपघातास कारण झाला, तर रंगाचा नियम नाही एवढ्या सबबीवर त्याची सुटका होईलच असे नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या सायकलींनी हा प्रश्न थोडा बदलला आहे. केंद्रीय नियमांतील २ (यू) या खंडानुसार, पायडल मारताना मदत करणाऱ्या सहायक मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल, वेग ताशी २५ किलोमीटरला पोहोचताच किंवा त्याआधी स्वाराने पायडल थांबवताच मोटर बंद पडत असेल, आणि चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केले असेल, तर अशी सायकल मोटार वाहन समजली जात नाही. याच खंडात अशा सायकलला योग्य ब्रेक, पुढे एक पांढरा परावर्तक आणि मागे एक लाल परावर्तक असावा, अशी अट आहे. सायकलच्या संदर्भात रंग नेमून देणारी केंद्रीय नियमांतील ही जागा असून, ती दिव्याविषयी नसून परावर्तकाविषयी आहे. एखाद्या दुकानात जास्त ताकदीची मोटर बसवून घेतली की तीच सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन होते, आणि मग हँडलवरची लाल-निळी लुकलुकणारी पट्टी १०८व्या नियमाच्या कचाट्यात सापडते.

परावर्तक म्हणजे स्वतःचा प्रकाश नसलेली, पण अंगावर पडलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवणारी काच, प्लास्टिक किंवा पट्टी. जिल्ह्यात तिला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात, जरी त्या किरणोत्सारी धातूचा तिच्याशी काही संबंध नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून बैलगाडीच्या जुवापर्यंत सगळीकडे ही पट्टी चिकटवलेली दिसते. केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने २०२० मध्ये सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि त्यांना भारतीय मानक ब्युरोच्या मानकाशी जोडले. आदेशाचा रोख उत्पादक व विक्रेत्यांवर आहे. विकत घेतल्यानंतर परावर्तक निखळला, रंगाखाली गेला किंवा चिखलाने माखला, तर स्वाराला काही विचारणारे कोणी नसते.

बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत रस्त्यांचे स्वरूप इतके वेगळे आहे की एकच दिवा सगळीकडे सारखा उपयोगी पडत नाही. मलकापूर, नांदुरा व खामगाव या घाटाखालच्या भागातून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ जातो आणि त्यावर लांब पल्ल्याच्या ट्रकांची रात्रभर वर्दळ असते. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा या बाजूने समृद्धी महामार्ग गेला आहे; त्यावर दुचाकींनाच मनाई असल्याने सायकलच्या दिव्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाटातली वळणे आणि खामगावकडे जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथा घाट या दोन ठिकाणी समोरून येणारा दिवा वळण संपल्याशिवाय दिसतच नाही; शिवाय तेथे सायकलचा मागचा दिवा पुढच्याइतकाच, किंबहुना अधिक मोलाचा ठरतो : चढावर सायकल पायी चालण्याच्या गतीने जाते आणि मागून येणारे वाहन तिला क्षणात गाठते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे सतरा मीटर अंतर कापते, आणि डिपरवर असलेल्या दिव्याचा उपयुक्त उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटरच पडतो. गडद कपड्यांतला सायकलस्वार त्या उजेडात आला की चालकाच्या हाती जेमतेम तीन सेकंद उरतात. लाल परावर्तक किंवा दिवा हीच मुदत कितीतरी वाढवतो.

सायकल येथे प्रामुख्याने शाळेत जाणाऱ्या मुली, शेतकरी, शेतमजूर व दूधवाले वापरतात. मानव विकास कार्यक्रमात समाविष्ट तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना सायकलसाठी शासनाचे अर्थसाहाय्य मिळते. हिवाळ्यात जिल्ह्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जादा तास आटोपून निघालेली मुलगी गावाच्या फाट्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज आली की ओलितासाठी शेतात निघालेला शेतकरी ट्यूबच्या पट्टीने हँडलला बॅटरी बांधतो. तिने पुढचा खड्डा दिसतो. मागून येणाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. कॅरिअरवर कुटाराचे पोते किंवा चाऱ्याचा भारा बांधला की मडगार्डवरचा लाल परावर्तक त्याच्याखाली झाकला जातो, म्हणून भाऱ्याच्या मागच्या टोकाला लाल पट्टी किंवा छोटा दिवा बांधणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

फाट्यावरची अडचण वेगळी असते. गावरस्त्याने आलेला सायकलस्वार महामार्ग ओलांडतो तेव्हा त्याची आडवी बाजू वाहनांकडे असते, आणि पुढचा पांढरा व मागचा लाल असे दोन्ही दिवे त्या दिशेने दिसत नाहीत. चाकाच्या आऱ्यांना लावलेले पिवळे परावर्तक, किंवा मुलांच्या सायकलींवर शोभेसाठी बसवलेले हिरवे-निळे फिरते दिवे येथे खरोखर कामाचे ठरतात, कारण गोल फिरणारा प्रकाश पाहताच ते चाक आहे हे कळते. हेच रंग पुढे किंवा मागे लावले तर चालकाची फसगत होते. अंधारात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्या निळ्या-हिरव्या प्रकाशाला अधिक आणि लाल प्रकाशाला फार कमी प्रतिसाद देतात, त्यामुळे निळा दिवा कडेच्या नजरेला उजळ भासतो. तरीही रस्त्यावर निळ्याचा अर्थ पोलीस किंवा मदत पथक असा ठरून गेला आहे, आणि चालक सायकलला वाट देण्याऐवजी गाडी शोधू लागतो. मागे लावलेला पांढरा दिवा तर याहून धोक्याचा, कारण तो समोरून येणाऱ्या वाहनासारखा दिसतो. मनाई नसलेली गोष्ट शहाणपणाची असतेच असे नाही, याचे हे उदाहरण आहे.

इतर अनेक देशांत सायकल ही कायद्याच्या नजरेतून अशी सुटलेली नाही. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक कराराच्या ४४व्या अनुच्छेदात सायकलला ब्रेक, घंटा, मागे लाल परावर्तक, पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा आणि मागे लाल दिवा अपेक्षित आहे. ब्रिटनच्या १९८९ च्या वाहन दिवे नियमांत हीच रंगव्यवस्था असून पायडलवर पिवळसर परावर्तकही लागतात. लुकलुकणारे दिवे २००५ पासून तेथे मान्य झाले, मात्र मिनिटाला ६० ते २४० उघडझाप या मर्यादेत. जर्मनीत सायकलच्या दिव्यालाही मान्यतेचा क्रमांक असावा लागतो आणि मागे लुकलुकणारा दिवा चालत नाही, कारण उघडझाप लक्ष वेधत असली तरी अंतराचा अंदाज चुकवते. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार होणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या महाराष्ट्रातही होतात. त्यांत रात्री पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि अंगात परावर्तक बंडी नसेल तर स्वार बाद ठरतो. शासनाने जे सक्तीचे केलेले नाही ते हौशी मंडळाने केले आहे.

अपघातानंतर दिव्याचा मुद्दा नुकसानभरपाईच्या दाव्यात डोके वर काढतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर कलम १६६ खाली दावा चालताना, सायकलला दिवा नव्हता म्हणून स्वाराचीही चूक होती, असा बचाव घेता येतो. जखमी किंवा मृत व्यक्तीच्या स्वतःच्या हयगयीने अपघाताला हातभार लागला असे ठरल्यास तिच्या वाट्याची रक्कम वजा होते, आणि याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. दिव्याची सक्ती नसल्याने केवळ त्याच्या अभावावरून असा निष्कर्ष निघू नये, असा प्रतिवाद दावेदाराला करता येतो. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. वाहन पळून गेले असेल तर कलम १६१ खाली हे आकडे अनुक्रमे दोन लाख व पन्नास हजार आहेत. या दोन तरतुदींत दिव्याचा वाद आड येत नाही.

सायकलच्या दिव्यांबाबत कायद्यात असलेली उणीव भरून काढण्याचा मार्ग २०१९ च्या दुरुस्तीने खुला केला. मोटार वाहन अधिनियमात घातलेले कलम १३८ (१ए) राज्य सरकारला यंत्राने न चालणारी वाहने व पादचारी यांच्या सार्वजनिक ठिकाणच्या आणि राष्ट्रीय महामार्गावरील वावराचे नियम करण्याचा अधिकार देते. महामार्गाबाबत राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा लागतो. एस. राजसीकरन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले, आणि त्याच आदेशात डोळे दिपवणारे दिवे व अनधिकृत लाल-निळे लुकलुकणारे दिवे यांना आळा घालण्याचेही निर्देश दिले. या कलमाच्या कक्षेत सायकल आणि बैलगाडीबरोबर पायी चालणारेही येतात, म्हणजे बुलढाण्यापुरते बोलायचे तर पंढरपूरहून परतलेल्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर खामगाव ते शेगाव चालणाऱ्या वारकऱ्यांचाही त्यात समावेश होतो. असे नियम करताना पुढे पांढरा व मागे लाल एवढे सांगून भागणार नाही. झाकला न जाणारा परावर्तक कोठे बसवावा आणि शासकीय साहाय्यातून घेतलेल्या सायकलींना दिवा त्याच रकमेत मिळावा की नाही, हेही त्यात ठरवावे लागेल.