आगटी, शेगडी आणि अर्धा ड्रम

इंदूरहून उज्जैनकडे निघालं की बाणगंगेच्या पुढे सांवेर रोडची औद्योगिक वसाहत सुरू होते. नमकीन, औषधं, प्लास्टिक, पॅकिंग आणि या सगळ्यांची कामं करून देणारी फॅब्रिकेशनची शेड. अशा वसाहतीत तेल आणि रसायनं येतात ती दोनशे लिटरच्या लोखंडी ड्रममधून. रिकामा ड्रम उभा चिरला की दोन गव्हाणी होतात. खाली चार पाय जोडले, वर सळ्यांची जाळी टाकली की बार्बेक्यू तयार. पण इंदूरजवळच्या चोरलला किंवा जानापावला तंबू घेऊन जाणाऱ्या मंडळींना एवढ्यावर समाधान नसतं. संध्याकाळी ज्या शेगडीवर भुट्टे आणि पनीर भाजायचं, रात्री तिच्याच भोवती शेकत बसता यावं, शिवाय ती घडी होऊन गाडीच्या डिकीत मावावी, अशी त्यांची मागणी. दुकानदार हा प्रकार ‘टू इन वन’ म्हणून विकतो, जणू ही कल्पना परवाच कुणाला तरी सुचली.

खरं तर विस्तव मुळात टू इन वनच होता. ज्वारी हुरड्यात आली की महाराष्ट्रात शेताच्या कडेला आगटी पेटते. जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्या. जाळ असेपर्यंत सगळे हात शेकत गप्पा मारतात, जाळ बसला की निखाऱ्यात कणसं खुपसतात आणि गरम गरम चोळून दाणे काढतात. रायगडात हिवाळ्याच्या रात्री पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ऐपतीप्रमाणे अंडी किंवा कोंबडी. मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा आणि त्या जाळाभोवती माणसांनी बसायचं. आमच्या माळव्यात बाफले. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग कंड्यांच्या (म्हणजे गोवऱ्यांच्याच) निखाऱ्यात भाजायचे आणि तुपात बुडवायचे. ज्याने शेतावरची दाल-बाफल्याची पार्टी पाहिली आहे, त्याला बार्बेक्यूची जाहिरात जरा हास्यास्पदच वाटते.

मात्र आगटी उचलून नेता येत नाही. तिला हलतं करण्याचा उद्योगही फार जुना आहे. अमरकोशात निखाऱ्यांच्या भांड्याला अंगारधानिका, अंगारशकटी आणि हसंती अशी नावं दिली आहेत. शकटी म्हणजे लहान गाडा. मराठी शेगडी, गुजराती सगडी आणि हिंदी सिगडी यांचं मूळ अभ्यासक तिथेच शोधतात. म्हणजे ही वस्तू नावापासूनच फिरती. काश्मीरची कांगडी तिची सर्वांत धाडसी बहीण: वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं, आत निखारे, आणि ते थेट फिरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या आत पोटाशी धरायचं! निखाऱ्यावर मांस भाजण्याची कलाही आपल्या शेजारची. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये भडित्रक नावाचा पदार्थ आहे. मांसाचे तुकडे मसाला लावून, शुळाला टोचून, निखाऱ्यावर भाजायचे. आज आपण ज्याला सीख म्हणतो, त्याच्या फार जवळचं.

बार्बेक्यूचं घराणं वेगळं. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक काठ्यांची मांडणी उभारून तिच्यावर मांस-मासे ठेवत आणि खाली मंद विस्तव करत. स्पॅनिश लोकांनी त्या मांडणीचं नाव बार्बाकोआ असं उचललं. आपल्याकडे विस्तवाला भांड्यात बसवलं, तिकडे अन्नाला मचाणावर चढवलं. आजच्या घडीच्या बार्बेक्यूत खालचा डबा शेगडीच्या वंशाचा, वरची जाळी त्या मचाणाच्या.

शेगडीला लोखंडी अंग कसं आलं याचा एक धागा रेल्वेकडे जातो. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि खांडव्याहून इंदूरपर्यंत होळकर स्टेट रेल्वेची लाइन आली. रेल्वे जिथे पोचली तिथे दगडी कोळसा पोचणं सोपं झालं. हा कोळसा उघड्या चुलीत नीट पेटत नाही, त्याला खालून वारा लागतो. म्हणून पत्र्याच्या बादलीची शेगडी आली. मधोमध सळ्यांची जाळी, जाळीच्या वर आतून मातीचं जाड अस्तर, खाली राख पडायला आणि वारा शिरायला चौकोनी तोंड. ते तोंड हेच शेगडीचं सगळं यंत्र. उघडं ठेवलं की जाळ चढतो, विटेने झाकलं की निखारा शांत पडतो. मातीचं अस्तर पत्र्याला जळू देत नाही आणि आच धरून ठेवतं. गल्लीतल्या लोहाराने बनवलेल्या या वस्तूत हवेचं नियंत्रण, उष्णतारोधन आणि राखेची व्यवस्था ही तिन्ही होती. तिला डिझाइन म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही, एवढंच.

पुढे स्टोव्ह आला. 1955 मध्ये मुंबईत बर्मा शेलने सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली आणि हळूहळू कोळशाची शेगडी घरांतून बाहेर पडली. आज ती भुट्टेवाल्याच्या हातगाडीवर आणि चौकीदाराच्या खुर्चीजवळ दिसते. नाव मात्र गॅसने घेतलं. ओट्यावरची ती गॅसची शेगडी.

त्याआधीच अमेरिकेत कोळशाची शेगडी सहलीची वस्तू बनत होती. हेन्री फोर्डच्या मोटारींत तेव्हा लाकूड बरंच लागे. त्याच्या तुकड्यांपासून आणि भुशापासून फोर्डने 1920 च्या दशकात कोळशाच्या वड्या पाडायला सुरुवात केली आणि मोटारीच्या दुकानांतूनच त्या विकल्या; पुढे सोबत लहानशी सहलीची शेगडीही. 1952 मध्ये शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स या पत्राकामाच्या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफनने पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा आडवा कापला. खालच्या अर्ध्याला पाय, वरच्याचं झाकण. वेबरची प्रसिद्ध केटल ती हीच. सांवेर रोडवर ड्रम चिरणारा कारागीर याच जातकुळीचा. त्याच्याकडे बोया नाही, ड्रम आहे.

ड्रम मात्र तपासून घ्यावा. रसायनाचा असेल तर कितीही धुतला तरी नको. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. जस्त साधारण 420 अंश सेल्सियसला वितळतं आणि फुललेले निखारे त्याच्या पुष्कळ वर जातात. तो धूर अन्नात आणि छातीत जायला नको. साधा काळा पत्रा घ्यावा, गंजला तर गंजू दे, तेलाचं बोट फिरवलं की झालं. पातळ पत्रा चकचकीत दिसतो, पण पहिल्या मोठ्या जाळातच वाकडा होतो आणि मग घडीच्या बिजागऱ्या बसत नाहीत. भुट्टे भाजताना हा दोष कळत नाही, शेकोटी केल्यावर कळतो.

खरी अडचण मात्र पत्र्याच्या पलीकडची आहे. भाजायला निखारा लागतो, तो अन्नाच्या चार बोटं खाली. शेकायला ज्वाला लागते, तिला खोली आणि भरपूर वारा. उथळ ट्रे भाजायला उत्तम, पण लाकडं रचली की निखारे बाहेर. खोल पिंपात शेकोटी छान होते, पण तळाशी बसलेली धग जाळीपर्यंत पोचेतो कोळसा संपतो. शिवाय जी आच आपल्या गुडघ्यांना लागते, ती भाजण्याच्या कामातून वजा झालेली असते. पुण्याच्या आरती या संस्थेचा सराई कुकर याचं उत्तम उदाहरण आहे. शंभर ग्रॅम कोळशात तो चार-पाच माणसांचं वरण-भात शिजवतो, कारण आच भांड्याभोवती कोंडून ठेवतो. त्याच्याभोवती बसून कुणाला ऊब मिळणार नाही. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याबद्दल आरतीला 2002 चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता. तो कोळसा बार्बेक्यूलाही छान, पण शेकोटीला लाकूडच हवं.

म्हणून अशी शेगडी घ्यायचीच असेल तर मध्यम खोलीची घ्या. आतली जाळी दोन खाचांमध्ये वरखाली सरकणारी, खाली झाकता येणारं तोंड आणि निदान वीतभर उंच पाय. ज्वारीच्या शेतात आधी शेकतात, मग खातात. शेगडीवर उलटं करावं. आधी कोळशावर भाजून, जेवून घ्यावं, मग जाळी काढून त्याच निखाऱ्यांवर लाकडं रचावी. तुपाचे थेंब पडलेली जाळी ज्वाळेत ठेवली तर काळीकुट्ट होते.

राखीव जंगलात मात्र पाय कितीही उंच असोत, परवानगीशिवाय विस्तव पेटवायला 1927 च्या वन कायद्याची मनाई आहे. ओढ्यातले ओले दगड शेगडीच्या टेकूला घेऊ नयेत, आतलं पाणी तापून ते फुटतात. आणि थंडी कितीही असली तरी निजताना धुमसती शेगडी तंबूत घेऊ नये. धूर दिसत नसला तरी कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. राख विझवून, पाणी ओतून, हात लावून गार झाल्याची खात्री करून मगच झोपावं. ऊब हवी असेल तर एक घोंगडी जास्त न्यावी.